हत्ती का डोलतो?

‘मी पाहिलेली सर्कस’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी लिहिलेला असतो. मीही सहावीत असताना लिहिला होता. गावाबाहेरच्या मैदानावर सर्कस उतरली होती. खेळाच्या आधी थोडे जास्तीचे पैसे भरून तंबूमागचे प्राणी पाहता येत. तिथे तीन हत्ती ओळीने बांधलेले होते. प्रत्येकाचा एक पुढचा आणि एक मागचा पाय साखळीने खुंटाला जखडलेला. तिघंही जागच्या जागी डोलत होते. अंग डावीकडे, अंग उजवीकडे, त्याबरोबर सोंडेचा झोका. आत तंबूत बँड वाजत होता. आम्ही मुलं त्यांच्यासमोर उभी राहून तशीच डोलायला लागलो. निबंधात मी लिहिलं, ‘बँडच्या तालावर हत्ती आनंदाने नाचत होते.’ गुरुजींनी त्या वाक्याखाली तांबड्या शाईने ‘छान’ असा शेरा मारला.

बऱ्याच वर्षांनी प्राण्यांच्या वर्तनाविषयी वाचताना ते वाक्य आठवलं. हत्तींचं अंग डावी-उजवीकडे हलत होतं, एवढंच मी पाहिलं होतं. ‘तालावर’, ‘आनंदाने’ आणि ‘नाचत’ हे तीनही शब्द मी पदरचे घातले होते. बँड थांबल्यावर हत्ती थांबतात का, इतकं साधं निरीक्षणही मी केलं नव्हतं. ते केलं असतं, तर बहुधा दिसलं असतं की बँड असो वा नसो, हत्ती डोलतच राहतात.

निरीक्षण आणि अनुमान यांत गल्लत करू नका, असं आपण प्रयोगशाळेत मुलांना बजावतो. सर्कशीच्या तंबूत मात्र हीच गल्लत पिढ्यानपिढ्या होत आली, आणि तिची किंमत मुक्या जनावरांनी मोजली. ती नेमकी कशी, ते समजून घेऊ.

साचेबद्ध हालचाल

पिंजऱ्यातला वाघ एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत येरझारा घालतो. प्रत्येक वेळी त्याच जागी वळतो, पाऊलही त्याच ठिकाणी टाकतो. तबेल्यात एकट्या बांधलेल्या घोड्याला मान हलवण्याची किंवा लाकूड चावत राहण्याची खोड लागते. पिंजऱ्यातला पोपट स्वतःची पिसं उपटतो. यांतल्या पुन्हापुन्हा होणाऱ्या, एकाच साच्याच्या, उघड हेतू नसलेल्या हालचालींना वर्तनशास्त्रात ‘साचेबद्ध वर्तन’ म्हणतात. हत्तीचं डोलणं हा त्याचाच एक प्रकार. रानातल्या मोकळ्या प्राण्यांत असं वर्तन जवळजवळ दिसत नाही. बंदिवासात मात्र ते सर्रास आढळतं.

ते का येतं? रानातल्या हत्तीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पूर्ण वाढलेल्या आशियाई हत्तीला दिवसाला साधारण दीडशे किलो चारा लागतो. तो मिळवण्यात, म्हणजे चालण्यात, गवत उपटण्यात, साली सोलण्यात, फांद्या मोडण्यात त्याचे चोवीसपैकी सोळा-अठरा तास जातात. उरलेल्या वेळात पाणी, चिखल, धुळीची अंघोळ आणि कळपातल्या इतरांशी सतत चाललेला संपर्क. हत्तिणी तर आपल्या आईच्या, मावश्यांच्या आणि बहिणींच्या कळपातच आयुष्य काढतात. या साऱ्यासाठी घडलेलं शरीर आणि मेंदू दोन साखळ्यांमध्ये बांधून ठेवला, समोर चाऱ्याचा ढीग टाकला, की तासाभरात खाणं उरकतं. चालण्याची, शोधण्याची, कोणाला तरी स्पर्श करण्याची ऊर्मी मात्र उरतेच. तिला वाट मिळत नाही. साखळी जेवढी सैल असेल तेवढ्यातच अंग हलत राहतं आणि तीच सवय पक्की होते.

जागेचा आणि या वर्तनाचा संबंध पडताळूनही पाहिला गेला आहे. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोन संशोधिकांनी प्राणिसंग्रहालयांतल्या निरनिराळ्या मांसभक्षकांची माहिती एकत्र केली. त्यांचा निबंध २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. रानात ज्या जातींचा वावर जास्त मोठ्या प्रदेशात असतो, त्या जाती बंदिवासात जास्त येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात, असं त्यांना आढळलं. ध्रुवीय अस्वलाला मिळणारा पिंजरा त्याच्या रानातल्या किमान वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश असतो. हे सारे प्राणी संग्रहालयातले होते. सर्कशीतल्या वाघाच्या वाट्याला याहूनही लहान, चाकांवरचा पिंजरा येतो. भरपूर भक्ष्य असलेल्या आपल्याकडच्या जंगलात वाघिणीचा वावर साधारण वीस चौरस किलोमीटर असतो. सर्कशीत तिला चार पावलांवर वळावं लागतं.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. साचेबद्ध वर्तन हा तापमापीचा पारा नव्हे. एखादा हत्ती जास्त डोलतो म्हणून तो या क्षणी जास्त दुःखी आहे, असं म्हणता येत नाही. ही हालचाल एकदा मेंदूत रुजली की चांगल्या जागी नेल्यावरही राहू शकते, जखम भरल्यावर व्रण राहतो तशी. उलट, त्याच वाईट पिंजऱ्यात मुकाट पडून राहिलेला प्राणी येरझारा घालणाऱ्यापेक्षा अधिक खचलेला असू शकतो. एवढं मात्र निश्चित, की ज्या व्यवस्थेत बरेच प्राणी असे वागतात त्या व्यवस्थेत त्यांच्या मूळ गरजा भागत नसतात.

खेळ शिकवतात कसा?

आता तंबूच्या आत येऊ. हत्ती स्टुलावर बसतो, पुढचे पाय उचलून सलाम करतो, डोक्यावर उभा राहतो. माहुताच्या हातातला अंकुश त्याला जेमतेम स्पर्श करतो. कुठेही मारहाण दिसत नाही. मग तक्रार कशाची?

मानसशास्त्रातले दोन जुने धडे इथे उपयोगी पडतात. पहिला थॉर्नडाइक आणि स्किनर यांचा. एखाद्या कृतीनंतर हवंसं काही मिळालं तर ती कृती वाढते, आणि कृतीमुळे नकोसं काही थांबलं तरीही ती वाढते. या दुसऱ्या प्रकाराला ‘ऋण प्रबलन’ म्हणतात. हत्तीच्या पायाला अंकुशाची आकडी टोचली, त्याने पाय उचलला, टोचणं थांबलं. असं अनेकदा झालं की पाय उचलणं पक्कं होतं. हत्तीचं कातडं जाड असलं, तरी कानामागे, सोंडेवर, पायाच्या नखांजवळ ते चांगलंच संवेदनशील असतं. आकडी तिथेच लावली जाते.

दुसरा धडा पाव्हलॉव्हचा. टोचण्याआधी दर वेळी माहूत एक शब्द उच्चारतो. काही दिवसांनी शब्द ऐकताच पाय वर येतो. पुढे तर अंकुश नुसता दिसला तरी पुरतो. कुत्र्याला घंटेनंतर अन्न मिळत होतं, इथे शब्दानंतर वेदना मिळते, एवढाच फरक.

याला आणखी एक गोष्ट जोडा. वेदना टाळण्यासाठी शिकलेली कृती फार चिवट असते. प्रत्यक्ष मार बंद झाल्यावरही ती दीर्घकाळ टिकते, कारण हुकूम पाळणारं जनावर ‘आता मार बसत नाही’ हे पडताळून पाहायला कधी थांबतच नाही. प्रेक्षकाला मारहाण दिसत नाही याचं कारण हे आहे. ती आधीच, तंबूमागे, पिल्लू लहान असताना होऊन गेलेली असते. रानातून पकडलेलं किंवा आईपासून तोडलेलं पिल्लू दोरखंडांनी जखडायचं, उपाशी ठेवायचं, मारायचं आणि त्याने प्रतिकार सोडला की मग शिकवायला घ्यायचं, ही हत्ती माणसाळवण्याची जुनी रीत आहे. रिंगणातला शांत हत्ती त्या दिवसांचा विद्यार्थी असतो.

खेळाचा शरीरावर होणारा परिणाम वेगळाच. रानातला एखादा हत्ती उंच फांदीसाठी क्षणभर मागच्या पायांवर उभा राहतो. पण तो स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःचा तोल पाहून. तीन-चार टनांचं ओझं रोज दोन-तीन खेळांत दोन पायांवर किंवा डोक्यावर तोलायचं, आणि उरलेला दिवस कठीण जमिनीवर स्वतःच्याच मलमूत्रात बांधून घ्यायचं, यात सांधे आणि तळपाय जायबंदी होतात. पायांचे आजार आणि संधिवात ही बंदिवासातल्या हत्तींची नेहमीची दुखणी आहेत.

वाघ, रिंगमास्टर आणि अंतर

वाघ-सिंहांच्या खेळात प्रेक्षकाला रिंगमास्टरचं धाडस दिसतं. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांना तिथे अंतराचं गणित दिसलं. संग्रहालयांतल्या आणि सर्कशींतल्या प्राण्यांचा त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक जंगली प्राण्याभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं, असं त्यांनी मांडलं. शत्रू त्या वर्तुळात शिरला की प्राणी पळतो. पळायला जागाच नसेल आणि शत्रू आणखी जवळ, एका आतल्या वर्तुळात आला, तर प्राणी उलटून चाल करतो.

रिंगणाला जाळी असते, त्यामुळे पळायला वाव नसतो. रिंगमास्टर पुढे सरकतो, सिंह मागे हटतो, जाळीला टेकतो. रिंगमास्टर आणखी एक पाऊल टाकतो, तेव्हा सिंह डरकाळी फोडून पुढे येतो. दोघांच्या मध्ये स्टूल असतं. सिंह त्यावर चढतो आणि त्याच क्षणी रिंगमास्टर एक पाऊल मागे घेतो. आतलं वर्तुळ मोकळं झालं, सिंह थांबला. तो नेमका स्टुलावर उभा असतो! प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्यांना आज्ञापालन दिसतं. सिंहाच्या बाजूने पाहिलं तर कोंडीत सापडलेल्या जनावराने बचावासाठी केलेली ती चाल असते, आणि डरकाळीही बचावाचीच असते.

चेहऱ्याच्या बाबतीतही आपण असेच फसतो. टोपी घालून सायकल चालवणारं चिंपांझी दात दाखवून ‘हसतं’. चिंपांझींमध्ये ओठ मागे ओढून दोन्ही दातांच्या ओळी उघड्या करणं ही बहुतेक वेळा भीतीची किंवा शरणागतीची खूण असते. जाहिरातींत आणि पोस्टकार्डांवर आपण वर्षानुवर्षं जे हसू पाहिलं, ते पुष्कळदा घाबरलेल्या पिल्लाचं होतं.

सगळेच प्रशिक्षक क्रूर होते का?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. भारतीय सर्कशीचा उगम महाराष्ट्रातला. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे घोडे शिकवण्यात निष्णात होते. चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली, तिचे खेळ पाहून त्यांनी १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबट्यांचे खेळ करत अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोचले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ असं नाव दिलं. जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मारापेक्षा आमिषाने शिकवण्याचा पुरस्कार केला. मांसाच्या तुकड्यावर खेळ शिकवता येतो, हे खरं आहे. जनावरांवर जीव टाकणारी माणसंही सर्कशीत होती.

पण प्रशिक्षक कितीही मायाळू असला तरी त्याचा सहवास दिवसातून तासाभराचा. उरलेले तेवीस तास पिंजऱ्याचे असतात. एकटं राहणाऱ्या वाघांचे पिंजरे एकमेकांना खेटून लावायचे आणि कळपाने राहणाऱ्या हत्तींना सुटे जखडायचे. दर काही आठवड्यांनी मुक्काम हलवायचा, ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या वाघिणीत सारं कोंबायचं, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली दिवस काढायचे. फिरतं राहणं हा सर्कशीच्या धंद्याचा पाया आहे, आणि जे फिरतं असतं ते मोठं, झाडांचं, पाण्याचं करता येत नाही. म्हणून हा प्रश्न एखाद्या दुष्ट माणसाचा नाही. चांगली माणसंही तो त्या तंबूत सोडवू शकत नव्हती.

कायद्याची वाटचाल

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यात खेळ करणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या प्राण्यांचे खेळ करू नयेत त्यांची यादी जाहीर करण्याचा अधिकार त्यातल्या कलम २२ ने केंद्र सरकारला दिला. तो प्रत्यक्षात वापरायला तीस वर्षं लागली. पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली आणि न्यायालयात अडकली. १४ ऑक्टोबर १९९८ रोजी नवी अधिसूचना निघाली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या पाचांना खेळासाठी शिकवणं आणि त्यांचे खेळ दाखवणं तिने बंद केलं. सर्कसचालक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली ही बंदी योग्य ठरवली. मूलभूत हक्क फक्त माणसांपुरतेच का असावेत, असा प्रश्नही त्या निकालपत्रात विचारला आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली.

सर्कशींतून सोडवलेल्या प्राण्यांसाठी भोपाळ, जयपूर, तिरुपती, विशाखापट्टण अशा ठिकाणी केंद्रं उभी राहिली. हे प्राणी रानात सोडता येत नव्हते. त्यांना शिकार येत नव्हती आणि माणसाची भीती उरली नव्हती. सिंहांची अडचण तर वेगळीच होती. त्यांतले पुष्कळ आशियाई आणि आफ्रिकी सिंहांच्या संकरातून जन्मलेले होते. गीरच्या सिंहांत त्यांचं रक्त मिसळू नये म्हणून त्यांची पैदास थांबवावी लागली. म्हातारे होईपर्यंत त्यांना सांभाळणं, एवढंच करता येण्यासारखं होतं.

हत्ती त्या यादीत नव्हता. म्हणून पुढेही काही वर्षं तो रिंगणात दिसत राहिला. नंतर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने एकामागून एक सर्कशींची मान्यता काढून घेतली, आणि २०१८ साली सर्कशीतून सर्वच प्राण्यांचे खेळ बंद करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने प्रसिद्ध केला. इतर देशांतही हेच वारं वाहत होतं. बोलिव्हियाने २००९ साली सर्कशीत सर्वच प्राण्यांवर बंदी घातली. धोत्रे जिथे गेले त्या रिंगलिंग सर्कशीने २०१६ साली हत्तींचे खेळ थांबवले. २०१७ साली ती बंद पडली आणि २०२३ साली पुन्हा सुरू झाली, ती प्राण्यांविना.

प्राणी गेल्याने सर्कशींचा गल्ला आटला आणि पुष्कळ कामगारांची रोजी गेली, हेही सांगायला हवं. पण झोपाळ्यावरच्या कसरती, दोरीवरचा तोल, विदूषक यांना कोणी हिरावून घेतलेलं नाही. हे कलावंत आपल्या मर्जीने सराव करतात, दुखलं तर बोलू शकतात, नको झालं तर सोडून जाऊ शकतात. ज्यांना हे करता येत नाही त्यांना रिंगणात उतरवू नये, हाच विचार मुलांनाही लागू पडतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणायला सांगितलं, ते याच कारणाने.

वर्गात करून पाहा

आजच्या बहुतेक मुलांनी सर्कशीतला वाघ पाहिलेला नाही. पण बांधलेलं, कोंडलेलं जनावर त्यांच्या आसपास असतंच. मिरवणुकीतला हत्ती, प्राणिसंग्रहालयातलं अस्वल, दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातले पक्षी, दिवसभर साखळीला असलेला शेजारचा कुत्रा. यांपैकी एकाचं मुलांना अर्धा तास निरीक्षण करायला सांगा. प्राण्याला त्रास होणार नाही अशा अंतरावरून, आणि कुत्रा किंवा हत्ती असेल तर मोठं माणूस बरोबर घेऊन.

वहीत तीन रकाने आखायचे : ‘वेळ’, ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. दर मिनिटाला घड्याळ पाहून त्या क्षणी प्राणी काय करतो आहे ते ‘दिसलं’मध्ये लिहायचं. खातो, झोपला आहे, उभा आहे, चालतो, तीच हालचाल पुन्हा करतो. ‘खूश’, ‘रागावलेला’, ‘कंटाळलेला’ हे शब्द फक्त ‘वाटलं’मध्ये. शेवटी तीस नोंदींपैकी कोणती कृती किती वेळा झाली ते मोजायचं. तोच प्राणी दुसऱ्या वेळी, गर्दी नसताना पाहायचा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे. मोठ्या मुलांनी तोच प्राणी रानात दिवस कसा घालवतो ते पुस्तकातून शोधून तिसरा तक्ता करावा. तिन्ही तक्त्यांतला फरक पाहिला की बाकीची चर्चा मुलं आपण होऊन करतात.

‘वाटलं’च्या रकान्यात कोणी भरपूर लिहिलं म्हणून ते खोडायला लावू नका. आपल्याला काहीतरी वाटतं म्हणूनच आपण पाहायला थांबतो. फक्त प्रत्येक ओळीसमोर एक प्रश्न लिहून वही परत द्या : ‘हे खरं आहे का, ते कसं तपासशील?’

माझ्या सहावीतल्या निबंधाखाली तो प्रश्न असता, तर बँड थांबेपर्यंत तंबूमागे उभं राहायला मी कदाचित पुन्हा गेलो असतो.